वाचता येतं पण काय वाचलं ते सांगता येत नाही: जुळे सोलापुरातल्या वाचन वर्गाचा आमचा अनुभव

परवा एका मैत्रिणीनं विचारलं की चिऊला (माझ्या लेकीला) उन्हाळ्यात कुठं घातलं होतंस, आणि तिला फोनवर सांगता सांगता पाऊण तास गेला, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, बाकीच्या आयांनाही उपयोग होईल. जुळे सोलापुरात एक निवृत्त झेडपीच्या बाई आपल्या घरी मुलांना वाचायला शिकवतात, म्हणजे अक्षरं नाही, वाचलेल्यातला मुख्य मुद्दा कुठला आणि त्याला आधार देणारी माहिती कुठली हे ओळखायला शिकवतात. वर्गाला नाव नाही, बोर्ड नाही. बाईंना जाहिरात नको आहे म्हणून त्यांचं नाव इथं टाकत नाही, कुणाला खरंच पाठवायचं असेल तर मला विचारा, मी बाईंशी बोलून सांगते.

आधी आमची अडचण सांगते, कारण ती बऱ्याच घरात असणार. चिऊ चौथीत, मराठी माध्यम. वाचन एकदम फाडफाड, शाळेत परिपाठाला बातम्या वाचायला तिलाच उभं करतात, त्यामुळं आम्ही निर्धास्त होतो. मग शिष्यवृत्तीची तयारी म्हणून घरी एक सराव पेपर सोडवायला दिला, तर गणितात बरे मार्क आणि भाषेच्या उताऱ्यावरच्या पाच प्रश्नांत दोनच बरोबर. मला वाटलं लक्ष नव्हतं. उतारा मधमाशीवर होता. मी विचारलं कशाबद्दल वाचलंस? म्हणाली मधमाशीबद्दल. मधमाशीबद्दल काय? तर म्हणाली मधमाशी असते. अजून खोदून विचारलं तर तिनं पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत उतारा जवळजवळ पाठ म्हणून दाखवला. म्हणजे एक तर एक शब्द, नाहीतर अख्खा उतारा. मधलं काही नाही. मी त्या दिवशी तिच्यावर ओरडले, आणि ते चुकलंच माझं, कारण पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं की "मधलं" म्हणजे काय असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरला ७५ प्रश्न आणि १५० मार्क असतात, त्यातले २५ प्रश्न प्रथम भाषेचे आणि ५० गणिताचे. आपण सगळे त्या ५० च्या मागं लागतो. भाषा काय, मराठी तर घरातच बोलतो, येईल आपोआप, असं आम्हीही समजत होतो.

बाईंकडं पाठवायच्या आधी आम्ही तिला एका क्लासला घातलं होतं, त्याचं नाव घेत नाही. तिथं महिन्याला ४० उतारे सोडवून घ्यायचे. उतारा, प्रश्न, चार पर्याय, टिक, पुढचा. चुकलं तर बरोबर उत्तराला गोल करून वही परत. का चुकलं ते कुणी सांगायचं नाही. चिऊनं त्यातून एकच गोष्ट उचलली, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उत्तर म्हणून धरायची. कोण, कुठं, कधी असल्या प्रश्नांना ते चालतं सुद्धा. पण "उताऱ्याला योग्य शीर्षक द्या" किंवा "लेखकाला मुख्यतः काय सांगायचं आहे" असं आलं की शब्द सापडत नाही आणि पोरगी बसते पेन चावत. दुसरं म्हणजे तिथं शिकवलं होतं की पहिलं वाक्य म्हणजे मुख्य मुद्दा. हे तर सरळ चुकीचं आहे, मुद्दा मध्ये असू शकतो, शेवटी असू शकतो, आणि कधी कधी कुठल्याच वाक्यात लिहिलेला नसतो. तीन महिने आणि चांगले साडेचार हजार घालवल्यावर हे कळलं.

तर आता बाईंचा वर्ग. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेसात ते नऊ, कारण नऊनंतर मे महिन्यात आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. फी १५०० रुपये. पंधराच मुलं घेतात, तिसरी ते सहावी एकत्र. पहिल्या दिवशी आईवडिलांना बसू देतात, नंतर नाही. मी बसले होते आणि तो दिवस मी जन्मात विसरणार नाही, म्हणून तोच जरा सविस्तर सांगते.

सतरंजीवर पोरं गोल बसलेली. बाईंनी एक कापडी पिशवी आणली आणि मध्ये रिकामी केली. सुताची कांडी, एक जुना लाकडी धोटा (मागावर आडवा धागा नेतो तो), चादरीचा कापलेला तुकडा, मोठी कात्री आणि एक स्टीलचा चमचा. (धोटा बघून मला आमचे सासरे आठवले, चिऊचे आबा, ते मिलमध्ये होते, घरी माळ्यावर असलाच एक पडून आहे.) बाईंनी विचारलं, या सगळ्या वस्तू मिळून काय सांगतायत? एकजण म्हणाला कापड. बाई म्हणाल्या, "नाव सांगू नको, वाक्य सांग." हे वाक्य पुढं पाच आठवडे त्या घरात दिवसातून पन्नास वेळा ऐकू यायचं. मग एकीनं सांगितलं, "कारखान्यात चादर तयार होते." बरं, मग यातली कुठली वस्तू तुझ्या वाक्याला मदत करत नाही? सगळी पोरं ओरडली, चमचा चमचा. बाईंनी चमचा उचलून बाजूला ठेवला.

तेवढ्यात एक पोरगं, शहराच्या पूर्व भागातलं, लांबून यायचं ते, हात वर करून म्हणालं, "बाई, चमचा पण बसतोय की."

"कसं रे?"

"माझी आई कारखान्यात जाती की डबा घेऊन. डब्यात चमचा असतोय."

मला वाटलं बाई आता त्याला खाली बसवणार. तर बाईंनी चमचा परत मध्ये ठेवला आणि म्हणाल्या, बरोबर आहे, पण मग वाक्य तेच राहील का? पोरगं विचार करत बसलं. बाकीची पोरं गप्प. मग ते म्हणालं, "कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला दिवसभर काय काय लागतं." बाई म्हणाल्या, बघा, आता चमचा आत आला. कात्री आधी पण आत होती, आता पण आत आहे, पण तेव्हा ती चादर कापायला होती आणि आता ती तुझ्या आईच्या हातातली आहे. वाक्य बदललं की कुठली वस्तू मदत करते ते पण बदलतं.

मी बीए झालेली बाई आहे, पण मुख्य मुद्दा आणि तपशील यांचं नातं इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. तपशील आपल्याआपण महत्त्वाचा किंवा बिनमहत्त्वाचा नसतो, तो कुठल्या वाक्याला आधार देतोय त्यावर ठरतो. हे नऊ वर्षांच्या पोरांना एका चमच्यावरून समजलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरच, पण चिऊ घरी येऊन सगळं सांगायची आणि शेवटच्या आठवड्यात बाईंनी परत दोन दिवस बसू दिलं, त्यामुळं पद्धत मला बऱ्यापैकी कळली. सुरुवात नेहमी दोन प्रश्नांनी. कशाबद्दल आहे? आणि त्याच्याबद्दल काय? पहिल्याचं उत्तर एक-दोन शब्द, तो झाला विषय. दुसऱ्याचं उत्तर पूर्ण वाक्य, तो मुख्य मुद्दा. आमची चिऊ पहिल्यावरच थांबत होती, "मधमाशी", संपलं. नुसता हा फरक कळायला तिला आठवडाभर लागला, आणि बाईंनी तो आठवडा लागू दिला, घाई केली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

उतारे बाई स्वतः लिहितात, बरेचसे सोलापूरचेच. एक मी वहीतून उतरवून घेतलाय:

"सोलापुरी चादर वर्षानुवर्षं टिकते. ती जाड सुती धाग्याची असते. तिची वीण घट्ट असते. रोज वापरून, धुऊन सुद्धा ती लवकर विरत नाही. नवी पेठेत चादरींची दुकानं आहेत."

प्रत्येक मुलाला एक चिंचोका आणि तीन शेंगदाणे. चिंचोका मुख्य वाक्यावर ठेवायचा, शेंगदाणे आधाराच्या वाक्यांवर. तीनच. हे मला सगळ्यात आवडलं, कारण चिऊच्या हातात हायलायटर दिला की ती अख्खं पान पिवळं करते, तिला सगळंच महत्त्वाचं वाटतं. तीनच शेंगदाणे असले की निवडावं लागतं, हातातला दाणा ठेवायच्या आधी विचार करावा लागतो. (नंतर दाणे खायला मिळतात, त्यामुळं सगळी पोरं फार मन लावून करतात.)

मग "काढून बघ". शेवटच्या वाक्यावर हात ठेवायचा आणि बाकीचं वाचायचं. काही बिघडलं का? नाही. म्हणजे ते वाक्य आधाराचं नव्हतं. आता पहिल्यावर हात ठेवा. बाकीची वाक्यं आहेत पण ती कशासाठी आलीत ते कळत नाही. म्हणजे हे मुख्य. पोरं भांडतात यावर, "पण बाई, नवी पेठेत दुकानं आहेत हे खरंय की!" आणि बाई म्हणतात, खरं आहे का ते मी विचारलंच नाही, चादर टिकते कशावरून ते हे वाक्य सांगतंय का? खरं असणं आणि आधार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोठ्या माणसांनाही कळत नाही, कुठल्याही घरगुती भांडणात बघा.

चिऊनं चिंचोका पहिल्या वाक्यावर न ठेवता "लवकर विरत नाही" वर ठेवला होता. बाईंनी चूक म्हटलं नाही. म्हणाल्या जवळ आलीस, आता बघ कुठलं वाक्य बाकीच्यांना पोटात घेतं. जाड धागा "विरत नाही" च्या पोटात बसतो? बसतो. आणि "वर्षानुवर्षं टिकते" च्या पोटात "विरत नाही" बसतं का? बसतं. उलटं बसतं का? ओढूनताणून. मग चिऊनं स्वतःच चिंचोका सरकवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी तोच उतारा दिला पण पहिलं वाक्य शेवटी नेऊन ठेवलं, तर अर्ध्या पोरांनी सवयीनं परत पहिल्याच वाक्यावर चिंचोका ठेवला. तिसऱ्या दिवशी ते वाक्य काढूनच टाकलं आणि सांगितलं, आता तुम्ही लिहा.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा एक उतारा होता, त्यात आमच्या चिऊची आणि जवळजवळ सगळ्यांचीच विकेट पडली. मुख्य वाक्य होतं की सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांना (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांना) सगळ्यात मोठा मान असतो. मग सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, ६८ लिंगांना जाणं, आणि मध्येच एक ओळ की होम मैदानावर मोठे पाळणे लागतात. सगळ्यांचा एक तरी दाणा पाळण्यावर! साहजिक आहे, मुलाला गड्डा म्हटल्यावर पाळणाच आठवणार. बाईंनी तेव्हा सांगितलं की मजेचं आणि महत्त्वाचं यात गल्लत होते, जे वाचताना डोळ्यासमोर येतं ते लक्षात राहतं पण ते मुद्द्याला धरून असेलच असं नाही. आणि मग त्यांनी जे केलं ते छान होतं, पाळण्याची ओळ त्यांनी खोडली नाही, मुलांना सांगितलं की पाळणा मुख्य वाक्याच्या आधाराला येईल असा दुसरा उतारा घरून लिहून आणा. चिऊनं लिहिलं, "गड्ड्यात लहान मुलांना लई मजा असते." खाली पाळणा, मौत का कुआँ, भेळ. तीन दाणे, तिन्ही बरोबर.

आता सगळ्यात अवघड भाग, जिथं मुद्दा लिहिलेलाच नसतो. त्यासाठी डॉ. कोटणीसांचा उतारा. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, तिथं युद्ध चालू होतं, ते जखमी सैनिकांवर उपचार करायचे, बाकीचे चार डॉक्टर भारतात परतले, कोटणीस तिथंच राहिले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले तेव्हा त्यांचं वय ३२ होतं. बस, एवढंच. कुठंही "ते थोर होते" वगैरे लिहिलेलं नाही. या दिवशी मी बसलेले होते. चिऊ म्हणाली, कोटणीस डॉक्टर होते. बाई म्हणाल्या हे तर एका वाक्यात बसलं, बाकीच्यांचं काय? एकजण म्हणाला ते चीनला गेले. पाचही जण गेले रे, मग उतारा त्यांच्यावरच का? मग बाईंनी फळ्यावर दोनच वाक्यं ठेवली, चार परतले आणि एक राहिला, आणि म्हणाल्या या दोन वाक्यांच्या मध्ये काय आहे ते सांगा. बराच वेळ कुणी बोललं नाही. बाईंनी पण काही सुचवलं नाही, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

शेवटी एक सहावीची मुलगी हळूच म्हणाली, "त्यांना पण येता आलं असतं बाई. पण पेशंट होते म्हणून नाही आले."

बाईंनी विचारलं कुठं लिहिलंय? ती म्हणाली कुठंच नाही, पण सगळी वाक्यं तिकडंच बोट दाखवतात. मला खरंच भरून आलं. त्या रविवारी आम्ही चिऊला भैय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारक दाखवून आणलं, इतकी वर्षं त्याच रस्त्यानं गाडीवरून जात होतो, आत पहिल्यांदा गेलो.

भाषेबद्दल एक मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्या सोलापुरात हे फार लागू पडतं. त्या पंधरा मुलांत चार-पाच घरी तेलुगू बोलणारी, दोन कन्नड, एक उर्दू. शाळा सगळ्यांची मराठी. बाई सांगतात, मुद्दा आधी घरच्या भाषेत शेजारच्याला सांग, मग मराठीत लिही. बाईंना स्वतःला तेलुगू आणि कन्नड दोन्ही बऱ्यापैकी येतं. चमचावालं पोरगं मराठीत लिहिताना अडखळायचं, दोन ओळी लिहायला दहा मिनिटं, पण तेलुगूत शेजारच्याला असं धडाधडा सांगायचं की बघत राहावं. म्हणजे त्याला उतारा समजत होता, मराठी शब्द हाताशी येत नव्हते, आणि शाळेत या दोन्हीला एकच मार्क पडतो. त्याच्या आईला हे कळल्यावर ती म्हणे बाईंच्या दारातच रडली, तिला शाळेत दरवेळी सांगायचे की तुमच्या मुलाला समजत नाही.

परीक्षेच्या पर्यायांसाठी बाईंची एक युक्ती आहे, तीही सांगून टाकते. शीर्षक म्हणजे कपडा, उताऱ्याच्या अंगाला बसला पाहिजे. माळढोक पक्ष्याचा उतारा होता, सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला. गवताळ माळरानं कमी झाली, पक्षी जमिनीवरच अंडं घालतो आणि तेही बहुधा एकच, उडताना विजेच्या तारांना धडकतो, म्हणून त्याची संख्या घटली. पर्याय चार: "पक्षी", "माळढोकाचं अंडं", "माळढोक कमी का झाले", "नान्नजची सहल". पहिला ढगळ, जगातले सगळे पक्षी आत मावतील. दुसरा तोकडा, एकाच वाक्यापुरता. चौथा दुसऱ्याचाच कपडा, उताऱ्यात सहल नाहीच. तिसरा मापाचा. चिऊ आता घरात कशालाही ढगळ आणि तोकडं म्हणते. पण खरं सांगते, चुकीचा पर्याय का चुकीचा आहे हे ज्या दिवशी तिला सांगता यायला लागलं त्या दिवसापासून तिचं पेन चावणं थांबलं. तोकडा पर्याय सगळ्यात फसवा असतो, कारण तो उताऱ्यात खरंच लिहिलेला असतो, आणि आधीच्या क्लासच्या शब्दशोध पद्धतीनं चिऊ नेमकी त्यालाच टिक करत होती.

आता जे पटलं नाही ते. एक तर गोष्टी. माहितीचे उतारे बाईंनी जितके सुंदर शिकवले तितक्या गोष्टी शिकवल्या नाहीत, शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकलं. गोष्टीत मुद्दा वेगळ्या रीतीनं येतो, तिथं कुणाला काय हवं होतं, आड काय आलं, शेवटी काय बदललं, अशा अंगानं जावं लागतं, शेंगदाणे तिथं नीट चालत नाहीत. चिऊ अजून गोष्ट वाचली की "तात्पर्य: खरे बोलावे" असलं काहीतरी ठोकून देते, गोष्टीत खोट्याचा विषय नसला तरी. मी बाईंना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या पुढच्या वेळी एक आठवडा वाढवते. बघू.

दुसरं, झेरॉक्स. काही पानं इतकी फिकट की सकाळच्या उजेडात सुद्धा वाचता येत नव्हती, वाचनाच्या वर्गात हे नको. तिसरं, तिसरीची आणि सहावीची मुलं एकत्र असल्यामुळं सहावीची आधी उत्तर देऊन टाकतात, बाई थांबवतात पण रोज जमत नाही, चिऊ दोन-तीनदा रुसून आली. चौथं, बाई मार्क देत नाहीत, वहीवर शेरा पण नाही, त्यामुळं पोरगं कुठं आहे ते आपल्याला महिनाभर कळत नाही. त्या म्हणतात मार्क दिले की मुलं माझ्या तोंडाकडं बघून उत्तर देतात. पटतं मला, तरी दोन आठवड्यांनी आईबापाला पाच मिनिटं बोलावून सांगायला काय हरकत आहे? आणि वेळेबाबत बाई फार कडक आहेत. आमच्याकडं पाणी तीन-चार दिवसांनी येतं, ज्या सकाळी पाणी येतं त्या सकाळी घरातलं कुणीच जागचं हलू शकत नाही, हे सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे, तरी सात पस्तीसला गेलं की दार बंद. एका दिवशी मी चिऊला बादल्या टाकून पळवत नेलं आणि पाच मिनिटांनी हुकलं, दोघी रिकाम्या परत आलो. तो कोटणीसांच्या आदल्या दिवशीचा उतारा होता, तिचा बुडाला तो बुडालाच, परत घेतला नाही.

घरी आम्ही अजून चालू ठेवलंय ते एकच. आबा सकाळी पेपर वाचतात, ते बातमीच्या मथळ्यावर हात ठेवतात आणि चिऊनं खालची बातमी वाचून मथळा द्यायचा. ही बाईंनीच सांगितलेली गोष्ट. पहिल्या दिवशी उजनी धरणाची बातमी होती, चिऊ म्हणाली "उजनी". आबांना बाईंचं वाक्य माहीत झालंय, ते म्हणाले नाव सांगू नको, वाक्य सांग. ती म्हणाली, "उजनीत पाणी कमी झालं म्हणून शेतीला कमी सोडणार." आबांनी हात काढला, छापलेला मथळा जवळजवळ तोच. आता कधी कधी तिचा मथळा छापलेल्यापेक्षा मापाचा असतो असं आबांचं म्हणणं आहे, आणि एकदा तर खाली बातमी एक आणि वर मथळा भलताच होता, ते तिनंच दाखवून दिलं. पाच मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत, ज्यांना वर्गाला पाठवणं जमत नाही त्यांनी निदान हे करा, फक्त मुलगा चुकला की लगेच बरोबर उत्तर सांगू नका, खालची दोन वाक्यं परत वाचायला लावा.

फरक किती पडला, तर जुन्याच धर्तीच्या सराव पेपरमध्ये उताऱ्याच्या पाचातले चार येतात, कधी तीन. पाचच्या पाच अजून एकदाही नाही. पण आता चुकलं तर का चुकलं ते सांगते, "हे तोकडं होतं, मला कळलं नाही" असं. आणि परिसर अभ्यासाचा धडा वाचून झाला की वहीत स्वतःहून एक वाक्य आणि खाली तीन टिपा लिहिते, आधी अख्खं पान उतरवून काढायची. माझ्या दृष्टीनं १५०० रुपये पूर्ण वसूल. स्टार द्यायचे तर पाचातले साडेचार, अर्धा गोष्टींचा आणि झेरॉक्सचा कापला, पाण्याच्या दिवसाचा कापत नाही कारण त्यात बाईंचा दोष नाही.

कुणी पाठवणार असेल तर, दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांची छोटी बॅच आहे, वेळ सकाळचीच. वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली एवढंच न्यायचं, पुस्तक नको, हायलायटर तर अजिबात नको. मी धाकट्याचं पण नाव द्यायला गेले होते, तो दुसरीत आहे. बाईंनी त्याला एक पान वाचायला लावलं, तो अक्षर अक्षर लावून वाचत होता, तीन ओळींत दमला. बाई म्हणाल्या याची सगळी ताकद अजून अक्षरं जुळवण्यातच जातेय, मुद्दा धरायला काही उरत नाही, रोज संध्याकाळी मोठ्यानं दहा मिनिटं वाचून घ्या, सलग वाचायला लागला की आणा, तोपर्यंत फी घेऊन मी काय करू.